पैलवान टाइपात लावलेलं नाव

सुशीला आणि मनोहर,

तुमच्याकडे नैरोबीला वाशिमहून एक कार्ड आलं. तार आधीच पोचली होती. कार्ड लढाईमुळे बोटीनं फिरत फिरत उशिरा आलं. त्याचा वरचा एक कोपरा फाडलेला होता. असा कोपरा फाडलेला दिसला की आपल्याकडे कार्ड घरात नेत नाहीत. अंगणातच वाचतात, वाचून फाडून टाकतात आणि मग आंघोळ करतात. तुमच्या वडिलांनीही, विनायकनं, तसंच केलं, असं सुशीलेनं मला लिहिलं आहे. पण फाडण्याआधी तिनं ते पाहिलं होतं, आणि तिनं विचारलं आहे की सगळं कार्ड मराठीत आणि शांत असताना मधे आजोबांचं नाव तेवढं इंग्रजीत, इतकं जाड आणि पळत असल्यासारखं का होतं.

प्रश्न योग्य आहे. इथे तो मला कुणी विचारला नाही. इथे आता सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात आणि जेवण झालं का एवढंच विचारतात. म्हणून आज टेबल आवरून, दौत भरून लिहायला बसले. हे कागद फाडू नका. यांचा कोपरा मी फाडलेला नाही.

पुढचं मात्र मी तुमच्या आजोबांशी बोलणार आहे, कारण एक उत्तर त्यांनाच द्यायचं राहिलं. तुम्ही दोघं शेजारी बसून ऐका.

तुमच्या नातीनं तुमचं नाव पळताना पाहिलं. हे तुम्हाला सांगता आलं असतं तर तुम्ही मांडीवर थाप मारून हसला असता. "पाह्य मास्तरीनबाई, लेकराले समजलं," असं म्हणाला असता. मी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नाही. वडील शाळाखात्यात होते, त्यांनी अकोल्याला घरीच मला इंग्रजी शिकवलं, एवढ्यावरून तुम्ही मला जन्मभर मास्तरीण केलंत.

तो टाइप आला तेव्हा विनायक रांगत होता. अमरावतीचा एक छापखाना बंद होत होता आणि तुम्ही आपल्या छापखान्यासाठी तिथून मराठी टाइपाचे खण आणायला गेला होता. आपल्याकडे मराठी अक्षरं इतकी झिजली होती की लग्नपत्रिकेतले नवरा-नवरी ओळखू येईनात. स्टेशनवरून छकडा आला, तुम्ही गोणपाट सोडलं, आणि आत इंग्रजी निघालं. दोन आकारांतलं, एक मोठं आणि एक लहान. मी काहीच बोलले नाही. माझं न बोलणं तुम्हाला ऐकू यायचं. तुम्ही एक मोठं एम उचलून माझ्या तळहातावर ठेवलंत आणि म्हणालात, "रागावू नको. हा पैलवान हाये."

तेव्हापासून आपल्या घरात त्या टाइपाचं नाव पैलवान पडलं. त्याचं खरं नाव काही वेगळं असेल. ते त्या खणांबरोबर आलं नाही, आणि आपण शोधलंही नाही.

इंग्रजी पुस्तकांतलं तिरपं अक्षर मला माहीत होतं. ते नाजूक असतं. एखादा परका शब्द, एखाद्या जहाजाचं नाव, किंवा एखादी गोष्ट जरा आवाज बदलून सांगायची असेल तर ते वापरतात. पैलवान तिरपा होता, पण नाजूक अजिबात नव्हता. त्याची रेघ बाकीच्या टाइपांच्या दुप्पट जाड, आणि जिथे रेघ संपे तिथे चौकोनी, विटेसारखा पाय. आरचा एक पाय पुढे टाकलेला. टीच्या डोक्यावरची पट्टी दोन्ही टोकांना खाली वळलेली, गोठ्याच्या छपरासारखी. दोन नावांच्या मधे घालायचं जे 'आणि'चं गोल चिन्ह होतं, त्याला तुम्ही जिलबी म्हणायचा आणि ते हरवलं की टाइप जुळवणाऱ्या हमीदला विचारायचा, जिलबी कोणी खाल्ली.

मी तेव्हाच माझं मत सांगितलं होतं. अक्षर पुढे झुकलेलं असेल तर त्याला घाई आहे, आणि पायात एवढ्या विटा असतील तर ते जागचं हलणार नाही. दोन्ही एकदम असण्यात अर्थ नाही, असं मी म्हटलं. तुम्ही उठून अंगणात गेलात आणि धोतर खोचून, पाय फाकवून, पुढे वाकून उभे राहिलात. "सलामी झाली का पैलवान असा उभा राह्यते. पाय रोवलेले अन् आंग पुढं. तो पळूनबी नाई राह्यला अन् थांबूनबी नाई राह्यला." विनायक तुमच्या दोन पायांच्या मधून रांगत गेला. मला हसू आलं आणि तो वाद तिथेच राहिला.

तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितली होती. तुम्ही म्हणालात, आपली मराठी अक्षरं दोरीवर वाळत घातलेली असतात, वरच्या रेघेला लटकलेली. ही इंग्रजी मात्र जोडे घालून जमिनीवर उभी. इंग्रजीत नापास होऊन तुम्ही मॅट्रिक सोडलीत, ओळीचा अर्थ लावायला तुम्हाला मी लागायची. पण अक्षरं तुम्ही माणसांसारखी ओळखत होता.

पैलवान कुठे शोभतो याच्या याद्या आपण दोघांनी वेगवेगळ्या केल्या होत्या, तोंडीच. जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावरची नोटीस, हे दोघांनाही मान्य होतं. सोडावॉटरच्या बाटलीवरचं लेबल मान्य. मंगरुळपीरला जाणारी मोटर सुरू झाली तेव्हाची जाहिरात तर मी स्वतः म्हटलं होतं की याच टाइपात लावा, कारण कागदावरच गाडी निघाल्यासारखी वाटत होती. बायोस्कोपचा तंबू आला की मोठा खण रिकामा व्हायचा. पण वकिलांच्या नावाच्या कार्डांवर तुम्ही तो घातलात तेव्हा मी प्रूफ परत पाठवला. वकील अशिलाच्या मागे धावतो आहे असं दिसत होतं. तुम्ही निरोप पाठवलात की तसंच हाये, पण मास्तरीन म्हणते म्हणून बदलतो.

आणि शेलूबाजारच्या कुस्त्यांच्या दंगलीची जाहिरात. ती मी कशी विसरेन. दंगल भरवणाऱ्या पाटलांना सगळं मराठीत हवं होतं, आणि तुम्हाला मराठीतही पैलवान हवा होता. तुम्ही बांबूच्या चिपा तासून प्रत्येक मराठी अक्षराच्या खाली एका बाजूनं घातल्यात, म्हणजे ती सगळी पुढे झुकतील. दुपारभर तुम्ही आणि हमीद त्या जुळवलेल्या अक्षरांच्या फर्म्यावर वाकून होता. छापल्यावर अक्षरं झुकली खरी, पण डोक्यावरची रेघ तुकड्यातुकड्यानं तुटून तिचा जिना झाला. पाटलांनी कागद हातभर लांब धरला आणि शांतपणे विचारलं, "काहो प्रेसवाले, अक्षरं गुत्त्यावरून आले काय?" तुम्ही सर्वांत जास्त हसलात. पण त्या दिवशी जेवताना म्हणालात की आपली भाषा झुकत नाही, टांगलेली ती टांगलेलीच. त्यानंतर तुम्ही ते परत केलं नाहीत. माझ्या मनात आलं होतं की वरची रेघ सरळ ठेवून फक्त खालचं अंग झुकवून कुणी नवा टाइप ओतला तर जमेल. मी ते बोलले नाही, कारण तुम्ही लगेच रंधा आणि लाकूड घेऊन बसला असता आणि पत्रिका राहिल्या असत्या. आता सांगते आहे.

हे सगळं मी लिहिते आहे ते टाइपासाठी नाही, हे तुम्हाला कळेल. लग्न होऊन मी रिठदला आले तेव्हा तिथे शेती होती, गोठा होता, भरपूर माणसं होती, आणि माझं इंग्रजी ट्रंकेत होतं. कुणी वाईट बोललं नाही. फक्त त्याचं काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं, मलाही नाही. मग तुम्ही शेती भावावर सोपवून वाशिमला छापखाना काढलात आणि पहिल्याच महिन्यात एक ओला प्रूफ माझ्यापुढे पोळपाटावर ठेवलात. "तुह्यं इंग्रजी कामाले लाव," एवढंच म्हणालात. त्या दिवसापासून मी रोज कुणाच्या तरी उपयोगी पडले. जिनिंगची नोटीस असो की सोड्याचं लेबल, माझ्या वाचनाशिवाय ते बाहेर गेलं नाही. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. आपल्याकडे बायको नवऱ्याचे आभार मानत नाही. मी आज मानते.

आता तुमचं नाव. कायद्यानं प्रत्येक छापील कागदावर छापणाऱ्याचं नाव लागतं. छापखान्याला तुमचंच नाव होतं आणि ते तुम्ही नेहमी पैलवानात लावायचा, लहान आकारात, तळाशी, उजव्या कोपऱ्यात. पत्रिका असो, औषधाचं लेबल असो, शाळेचा पेपर असो, खाली कोपऱ्यात ते झुकलेलं नाव असायचंच. विनायकच्या लग्नपत्रिकेवर तरी ते नको म्हणून मी दोन दिवस अबोला धरला होता. तुम्ही एवढंच म्हणालात की कायदा हाये बाई, सरकारले विचार.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तुम्ही अंगणात फर्मा रॉकेलनं धूत होता. मी पायरीवर तीळ निवडत होते. तुम्हाला बसल्या जागी धाप लागत होती आणि ती मला दिसत नाही असं आपण दोघंही दाखवत होतो. ब्रश न थांबवता तुम्ही म्हणालात, "माह्या कार्डावर माहं नाव पैलवानात लावजा. मोठ्या. मधात."

कोणतं कार्ड ते मला लगेच समजलं. मी म्हटलं, दुखवट्याच्या कार्डावर असलं काही चालत नाही. ते कार्ड शांत असावं लागतं, बारीक उभ्या अक्षरांचं. गेलेल्या माणसाचं नाव धावत नसतं.

तुम्ही म्हणालात, "तुले तो पळताना दिसते, कारण तू कागदावर पाह्यतं. मले जन्मभर शिशाच्या टाइपात दिसला. शिशात तो आरामात रेललेला राह्यते."

मला वाटलं ही तुमची नेहमीची थट्टा आहे. मी म्हटलं बघू. तुम्ही म्हणालात, बघू नको, सांग. मी तिळाचं सूप उचलून आत गेले.

त्यानंतर तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. चैत्र गेला, वैशाख गेला. रोज प्रूफ येत होते, रोज आपण बोलत होतो, आणि ते एक उत्तर आपल्या दोघांच्या मधे बसलेलं असायचं. एका सकाळी चहा ठेवून मी मागे वळले तर तुम्ही भिंतीला टेकून बसला होता आणि उत्तर ऐकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीद दारात उभा राहिला. इतकी वर्षं आपल्याकडे काम करतो, पण उंबऱ्याच्या आत आला नाही. कार्डं त्याच दिवशी टपालात पडायला हवी होती, नाही तर तेराव्याला माणसं पोचली नसती. त्यानं सगळा मजकूर बारीक अक्षरांत लावून आणला होता आणि नावाची जागा रिकामी सोडली होती. त्यानं विचारलं, "बाई, नाव कोन्त्या टाइपात लावू?"

तुम्ही त्यालाही सांगितलं होतं का, ते मी विचारलं नाही. त्याच्याकडे पाहिलं असतं तर कळलं असतं, म्हणून मी पाहिलं नाही. घरात बायका होत्या. थोरल्या जावेनं डोक्यावरचा पदर सावरला. सगळ्यांना वाटलं की मी रडते आहे म्हणून बोलत नाही. मी विचार करत होते. माझं मत बदललं नव्हतं. ते कार्ड कसं दिसेल हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि मला ते आवडलं नव्हतं. पण तुम्ही विचारलं होतंत, आणि मी सूप उचलून आत गेले होते, आणि आता मला तुमच्याशी बोलायचा हा एकच रस्ता उरला होता. मी म्हटलं, "पैलवानात. मोठ्या. मधे."

मग प्रूफ आला. आपल्याकडे प्रूफ मोठ्यानं वाचायची पद्धत आहे, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ताडून पाहायचं. मी वाचत गेले आणि हमीद दाराबाहेरून मूळ कागदाशी ताडत गेला. मधे आले आणि थांबले. तुमचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. लग्नात, हळदीकुंकवाला, जे काही घ्यावं लागलं ते उखाण्यात दडवून घेतलं. हमीदलाही ते समजलं. तो म्हणाला, राहू द्या बाई, मी पाह्यलं हाये. पण प्रूफ वाचल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही आपल्या छापखान्याची शिस्त मीच घातलेली. म्हणून मी नाव न घेता एकेक अक्षर वाचलं. जी, ए, एन, पी, ए, टी. बायकांना वाटलं मी काही इंग्रजी मंत्र म्हणते आहे. सगळी अक्षरं बरोबर होती.

कार्डं गेली. रिठद, अकोला, हिंगोली, इंझोरी, नैरोबी. प्रत्येक घरी अंगणात वाचली गेली आणि फाडली गेली.

इंझोरीचं तुम्हाला सांगायचं आहे. तिथे तुमच्या अक्कांना सांगायला आपण माणूस पाठवला होता, पण तो वाटेत तापानं आडवा झाला आणि कार्डच आधी पोचलं. अक्का तेराव्याला आल्या तेव्हा त्यांनीच मला हे सांगितलं. त्या ओट्यावर बसल्या होत्या. पोस्टमन पिशवीतून टपाल काढून लावत होता. त्याच्या हातात ते कार्ड त्यांना दिसलं. अक्कांना मराठीही वाचता येत नाही, इंग्रजी तर दूरच. पण घरात आलेल्या प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यात त्यांनी तुमचं नाव पाहिलं होतं. लेकीसुनांना त्या बोट ठेवून दाखवायच्या की हा आमचा बापू. त्या पोस्टमनला म्हणाल्या, "अरे, हा तं आपला बापू. नेमी खाली राह्यते. आज मधात काहून आला?"

पोस्टमननं कार्ड त्यांच्यापुढे धरलं. मग त्यांनी कार्डाचा कोपरा पाहिला.

हे सांगून अक्का माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिल्या. त्या रडत नव्हत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "वयनी, मले कोणाच्या तोंडून आयकाव नाई लागलं. त्यानं सोताच येऊन सांगतलं."

तुम्ही जिंकलात असं मी म्हणत नाही. मला वाटतं, नाव बारीक उभ्या अक्षरात असतं तर पोस्टमन ते वाचून दाखवेपर्यंत, शब्द शोधेपर्यंत, अक्कांचा भाऊ आणखी थोडा वेळ जिवंत राहिला असता. कदाचित शेजारच्या कुणी त्यांना आधी धरून बसवलं असतं. यावर तुमच्याकडे उत्तर असणार. काय असणार याचा मी रोज विचार करते. स्वयंपाकघरात, पूजेला बसताना, दुपारी पडल्यावर. तुमच्या बाजूनं मीच बोलते आणि माझ्याच बाजूनं मीच उत्तर देते, आणि दोन्हीकडून मीच बोलत असले की वाद लवकर संपतो. पूर्वी इतक्या लवकर कधी संपला नाही.

छापखाना हमीद सकाळी उघडतो. कागद मिळत नाही म्हणून काम थोडं आहे. प्रूफ अजून येतात, पण पोळपाटावर कुणी ठेवत नाही, खिडकीतून आत देतात. मी वाचते, खूण करते, परत देते. परवा एका नोटिशीत एक गमतीचं इंग्रजी वाक्य होतं. ते वाचून मी मान वर केली. वाशिम गावात ते ज्याला सांगावं असं कुणी नाही.

त्याच आठवड्यात हमीद खाली मान घालून आला. जिनिंगच्या नोटिशीसाठी त्याला पैलवान हवा होता. "बाई, ए लागते. खणात उरले नाईत." तो खण आला तेव्हाच त्यात ए कमी होते, आणि त्यातले दोन तुमच्या नावात अडकले होते. काम झालं की जुळवलेली अक्षरं सोडून परत खणातल्या आपापल्या घरात टाकायची, ही रीत आहे. तुम्ही एवढ्या वर्षांत कधी काही बांधून ठेवलं नव्हतं. हमीदनं मात्र कार्ड छापल्यावर तुमचं नाव सुतळीनं बांधून बाजूला ठेवलं होतं आणि आता तो मला विचारायला आला होता. मी म्हटलं, आण बघू इकडे.

त्यानं ते पितळेच्या ताटलीत आणलं. इतक्या वर्षांत मी कागदच वाचले. जुळवलेला टाइप हातात घेऊन कधी पाहिला नव्हता, ते तुमचं काम होतं. खिडकीपाशी उजेडात धरला. अक्षरं उलटी होती, तशी ती असतातच. आणि ती पुढे झुकलेली नव्हती. जीपासून टीपर्यंत सगळी मागे रेललेली होती, पाय पुढे रोवून, जेवण झाल्यावर तुम्ही ओट्यावर तक्क्याला टेकून बसायचा तशी.

मी हमीदला सांगितलं की जिनिंगची नोटीस उभ्या अक्षरात लाव. त्यानं लावली. ती चांगली दिसत नाही. पण मोठा पैलवान यापुढे कुठल्याच कामाला जाणार नाही.

कार्ड एकही उरलेलं नाही. कुणी ठेवत नाही, मीही ठेवलं नाही. तुमचं नाव तेवढं उरलं आहे. ते सुतळीनं बांधलेलं, शिशाचं, माझ्या खिडकीत ताटलीत आहे, आणि रोज सकाळी मी त्यावरची धूळ पुसते.